मरणाच्या कारणाचा रकाना



आज २८ एप्रिल. कामावर आणि कामापायी जीव गमावलेल्या कामगारांची आठवण म्हणून जगभर हा दिवस पाळला जातो. या दिवसाचं व्याख्यान मोहन्यात व्हावं, हे मला फार योग्य वाटतं. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनने, म्हणजे तुमच्या एनआरसीने, उल्हास नदीकाठच्या या गावाला कारखान्याचं गाव केलं. तीन पाळ्यांवर इथली घरं चालली, शाळा चालल्या, बाजार चालला. २००९ च्या नोव्हेंबरात कारखाना बंद झाला. त्यानंतर थकलेल्या देण्यांसाठी इथल्या माणसांनी किती वर्षं, किती दारं झिजवली, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मी आज एका वेगळ्या देण्याबद्दल बोलणार आहे. ते पैशात मोजता येत नाही, आणि मागायचं कुणाकडे हेही पटकन कळत नाही. माणूस कामापायी मेला असेल, तर तो कशाने मेला याची खरी नोंद होणं, हे ते देणं आहे. उदाहरण म्हणून मी एकच आजार घेणार आहे: मेसोथेलिओमा, एस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा कर्करोग. कुठल्या एका कारखान्यावर आरोप करायला मी उभा नाही. हा आजार मी निवडला, कारण कामगाराचं मरण कागदावरून कसं पुसलं जातं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरा कुठलाच आजार दाखवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डॉक्टरला आजार माहीत असतो. वस्तीला काम माहीत असतं. या दोन गोष्टी आपल्याकडे कधीच एका कागदावर येत नाहीत. त्या एका कागदावर आणणं, एवढंच आजच्या व्याख्यानाचं मागणं आहे.

पहिला मुद्दा आजाराचा.

एस्बेस्टॉस हा खनिज दगड. पण तो दगडासारखा फुटत नाही, त्याचे धागे निघतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत आणि स्वस्त पडतात. म्हणून विसाव्या शतकात ते सगळीकडे शिरले. सिमेंटच्या पत्र्यांत, पाण्याच्या नळांत, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, गास्केटमध्ये, पंपाच्या ग्लँड पॅकिंगच्या दोरीत, आणि बॉयलर व वाफेच्या नळांवर चढवायच्या लॅगिंगमध्ये. या सभागृहात फिटर असतील, बॉयलरवर काम केलेले असतील, पॉवरहाउसमधले असतील. त्या काळात वाफेवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांत, मग ते जगातल्या कुठल्याही देशातले असोत, लॅगिंग म्हटलं की बहुधा एस्बेस्टॉसच असायचं. नळ गळायला लागला की लॅगिंग हाताने ओरबाडून काढायचं, काम करायचं, पुन्हा लिंपायचं. धूळ उडायची. ती धूळ विषारी आहे असं कोण सांगणार होतं? तिला वास नाही, ती झोंबत नाही, तिने खोकलाही लगेच येत नाही.

हा धागा इतका बारीक असतो की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. शरीरातल्या पेशी त्याला गिळायला जातात आणि हरतात, कारण तो मोडत नाही. काही धागे फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणापर्यंत पोहोचतात. तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. आणि मग तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा त्या आवरणाचा कर्करोग उभा राहतो. तोच मेसोथेलिओमा. पोटाच्या आवरणालाही तो होतो. एकदा निदान झालं की बहुतेक रुग्णांच्या हाती वर्षभराचा काळ असतो, फार तर थोडा अधिक.

तीस-चाळीस वर्षं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. विसाव्या वर्षी लागलेला पोरगा साठीला निवृत्त होतो आणि मग आजारी पडतो. तोवर कारखान्याचं नाव बदललेलं असतं, मालक बदललेला असतो, नाहीतर कारखानाच राहिलेला नसतो. ठेकेदाराच्या माणसाची तर गोष्टच वेगळी. तो चार महिने इथे, सहा महिने तळोज्याला, मग आणखी कुठे. कुठल्या धुळीने त्याला मारलं, ते तो स्वतःही सांगू शकत नाही.

आणि हा आजार फाटकाच्या आत थांबत नाही. १९६५ साली लंडनमध्ये म्युरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांची माहिती गोळा केली. त्यांतले नऊ जण कारखान्यात कधी गेलेच नव्हते. ते एस्बेस्टॉस कामगारांच्या घरातले होते, बहुतेक बायका. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणं, एवढाच त्यांचा त्या धुळीशी संबंध. इथे बसलेल्या माझ्या भगिनींना मी विचारतो: पाळीवरून आलेले कपडे कुणी झटकले? कुणी भिजवले? तुमचं हे काम कुठल्या हजेरीपटावर लागलं?

दुसरा मुद्दा कागदाचा.

समजा, मोहन्यातला एक निवृत्त फिटर आहे. खरा कुणी नाही, आपल्या समजुतीसाठी धरलेला. त्याला दम लागायला लागतो. छातीत पाणी झालंय असं निघतं. आपल्या देशात छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा. तो चूक म्हणता येत नाही, कारण टीबी खरोखरच फार आहे. औषधं सुरू होतात. पाणी पुन्हा भरतं. काही महिने जातात. मेसोथेलिओमा ओळखायचा तर बायोप्सी लागते, त्या तुकड्याची खास तपासणी लागते, आणि ती वाचणारा अनुभवी डॉक्टर लागतो. त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागतात. माणूस थकतो, घर थकतं. तो घरीच जातो.

मग मृत्यूची नोंद. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहायचा नमुनाही ठरलेला आहे. तात्काळ कारण कोणतं, त्याच्यामागचं कोणतं, आणि सगळ्याच्या मुळाशी कोणतं, असं पायरीपायरीने लिहायचं असतं. नमुना उत्तम आहे. पण २०२० सालच्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्के मृत्यूंना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. म्हणजे पाचांतली जवळपास चार माणसं कशाने गेली, हे वैद्यकीय भाषेत कुठे लिहिलंच गेलं नाही. आणि जिथे लिहिलं जातं तिथे काय असतं? हृदय व श्वसनक्रिया बंद पडली. अहो, मरण म्हणजेच हृदय आणि श्वास बंद पडणं! ते कारण कसं होईल?

आता एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. मृत्यूची माहिती देण्याचा जो नमुना आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरला गेला, त्यात आकडेवारीचा एक भाग असतो. त्यात विचारतात: मृत व्यक्तीला धूम्रपानाची सवय होती का, किती वर्षं? तंबाखू खायची सवय, किती वर्षं? सुपारी, पानमसाला, किती वर्षं? दारू, किती वर्षं? हे प्रश्न असलेच पाहिजेत, त्यांना माझा विरोध नाही. व्यवसायाचाही एक रकाना आहे. पण तिथे सत्तरीत गेलेल्या माणसाचं काय लिहितात? ‘निवृत्त’. नाहीतर ‘काही नाही’. पस्तीस वर्षं तीन पाळ्या केलेल्या माणसाच्या नावापुढे ‘काही नाही’!

म्हणजे त्याने किती वर्षं विडी ओढली हे सरकारदप्तरी जातं. त्याने किती वर्षं धूळ ओढली हे जात नाही. त्याची सवय नोंदली जाते, त्याची नोकरी नोंदली जात नाही. आणि मेसोथेलिओमाचा तर विडीशी संबंधही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात एस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकमेकांचा धोका वाढवतात, ते खरं. पण मेसोथेलिओमा विडी न ओढणाऱ्यालाही तितकाच होतो. नोंदीतून मात्र असं दिसतं की माणूस स्वतःच्या व्यसनाने गेला. घरचेही तेच धरून बसतात. कितीतरी बायकांनी नवऱ्याला यासाठी बोल लावला असेल, आणि कितीतरी माणसं स्वतःलाच दोष देत गेली असतील. हा अन्याय मला फार लागतो.

तिसरा मुद्दा: मोजल्याने काय होतं?

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावाची हकीकत ऐका. तिथल्या टीबीच्या रुग्णालयात स्लेग्ज नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून येणारे काही रुग्ण टीबीच्या औषधांनी सुधारतच नाहीत. त्या डोंगरांत निळ्या एस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. स्लेग्ज आणि त्यांचे सहकारी वॅगनर व मार्शंड या तिघांनी रुग्ण कुठे राहिले, कुठे काम केलं, याचा माग काढला आणि १९६० साली ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले कितीतरी जण खाणीत कामाला नव्हते, लहानपणी फक्त खाणीजवळ राहिले होते. या ३३ माणसांच्या हकिकतींनी जगाला मेसोथेलिओमा आणि एस्बेस्टॉस यांचं नातं दाखवलं. मोठी यंत्रं लागली नाहीत. तू कुठे राहिलास, काय काम केलंस, एवढे दोन प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं लिहून ठेवली गेली.

दुसरी हकीकत इंग्लंडातल्या रॉचडेलची. नेली केरशॉ ही तिथल्या टर्नर ब्रदर्सच्या एस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी बाई. १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी ती गेली. कंपनीने भरपाई नाकारली. पण विल्यम कूक या डॉक्टरने तिच्या फुप्फुसांची तपासणी करून धुळीने झालेला आजार वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे सरकारी पाहणी झाली आणि १९३१ साली तिथे धुळीवर नियंत्रणाचे नियम आले. एका बाईच्या मरणाचं कारण नीट लिहिलं गेलं, त्यातून हे घडलं.

आता या हकिकतीचा आपल्याशी संबंध बघा. त्याच टर्नर घराण्यातून वाढलेल्या टर्नर अँड न्यूऑल या समूहाने भारतातही धंदा पसरवला. १९३४ साली इथे एस्बेस्टॉस सिमेंटची कंपनी निघाली आणि तिचा एक कारखाना आपल्या मुलुंडला उभा राहिला. कल्याणहून लोकलने तासाभराच्या आतलं ठिकाण. यंत्रं आली, कच्चा माल आला, साहेब आले. रॉचडेलला जे ज्ञान झालं होतं, ते मुलुंडच्या कामगारापर्यंत कोणी आणलं?

ब्रिटनने १९६८ पासून मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची वेगळी नोंदवही ठेवली. मृत्यूच्या दाखल्यावर हा शब्द आला की नाव त्या वहीत चढतं. पहिल्या वर्षी १५३ मृत्यू नोंदले गेले. गेल्या दशकात ही संख्या वर्षाला अडीच हजारांच्या घरात गेली. हा आकडा दरवर्षी छापून येत गेला, म्हणून तो दडपता आला नाही. त्याच्या जोरावर संघटना लढल्या, न्यायालयं हलली आणि १९९९ साली तिथे पांढऱ्या एस्बेस्टॉसवरही बंदी आली. इटलीत आणि ऑस्ट्रेलियातही अशा राष्ट्रीय नोंदी आहेत.

आणि आपण? आपल्याकडे एस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ साली थांबलं. पण परदेशातून वर्षाला काही लाख टन एस्बेस्टॉस येत राहिलं आणि बहुतेक पत्र्यांत गेलं. धोका आहे का, असं विचारलं की उत्तर येतं: आमच्याकडे असे रुग्ण फारसे दिसत नाहीत. कसे दिसतील? ज्या घरात दिवा लावलाच नाही, तिथे काही दिसत नाही म्हणून घर रिकामं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामावरच्या एस्बेस्टॉसमुळे जगात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात. एवढं एस्बेस्टॉस वापरणाऱ्या देशाला त्यातून वगळलं जाईल, असं कसं मानायचं?

आपल्याकडे कुणीच काही केलं नाही, असंही नाही. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी १९६३ पासून आहे, देशातली पहिली. मुंबईतल्याच डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका गिरणीच्या कामगारांची तपासणी केली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्यांपैकी पाचांतल्या एकाहून जास्त कामगारांना एस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस कडक करत नेणारा आजार, निघाला. ही माणसं सरकारी आकड्यांत आधी कुठे होती? कुणी शोधायला गेलं म्हणून सापडली.

चौथा मुद्दा कायद्याचा. तो थोडक्यात, पण लक्षात ठेवा.

१९९५ च्या २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. एस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. आजारी ठरणाऱ्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईचाही आदेश झाला. चाळीस वर्षं हा आकडा न्यायालयाने उगाच घेतला नाही. आजार तेवढाच काळ दबा धरून बसतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८९ ने डॉक्टरवरही जबाबदारी टाकली. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला ठरावीक व्यावसायिक आजार आढळला, तर मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं. त्या यादीत एस्बेस्टॉसिस होता, व्यावसायिक कर्करोगही होता. न कळवणाऱ्या डॉक्टरला दंडाची तरतूद होती, हजार रुपयांपर्यंत. ‘पूर्वी केलेल्या’ हे शब्द ध्यानात घ्या. निवृत्त माणूस कायद्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता. तो आपल्या सवयीतून सुटला. डॉक्टरने विचारलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही.

कुणी म्हणेल, माणूस तर गेला, आता नोंद करून काय मिळणार? मी तीन गोष्टी सांगतो. एक, आजार कामामुळे झाला हे कागदावर आलं तर ईएसआयकडे किंवा भरपाईच्या दाव्यात विधवेला उभं राहायला जागा मिळते. कागद नसेल तर तिच्या शब्दाला कोण विचारतो? दोन, त्याच खात्यात, त्याच पाळीत काम केलेले दहा जण अजून हयात असतात. एकाचं कारण कळलं, तर दहांची तपासणी वेळेत होते. तीन, धूळ अजून संपलेली नाही. कल्याण-डोंबिवलीत जुन्या चाळी पाडल्या जातायत, शेड उतरवल्या जातायत, बंद कारखान्यांचं भंगार निघतंय. सिमेंटचे पत्रे घणाने फोडणारी पोरं तोंडावर रुमालसुद्धा बांधत नाहीत, आणि असल्या धुळीला रुमाल पुरतही नाही. ती पोरं आज वीस वर्षांची आहेत. हिशेब करा, त्यांचे दाखले कधी लिहिले जातील.

आता शेवटचा मुद्दा: मोहन्याने काय करावं?

कारखान्याच्या वस्तीत मरणाची बातमी आली की पहिला प्रश्न कोणता येतो? ‘कुठल्या खात्यातला?’ स्पिनिंगचा की पॉवरहाउसचा, मेंटेनन्सचा की ठेकेदाराचा. तुम्हाला हे पाठ असतं. कोण कुणाच्या हाताखाली लागला, कोणाची बदली कधी झाली, कोण कुठल्या मशीनवर होता. हे ज्ञान जगातल्या कुठल्याही रुग्णालयाकडे नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे आणि दरवर्षी थोडं थोडं तुमच्याबरोबर जातंय.

म्हणून पहिलं काम. प्रत्येक घराने आपल्या कामगार माणसाचा कामाचा इतिहास एका कागदावर लिहावा. कारखाना, खातं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हाताखालून काय गेलं: लॅगिंग, पॅकिंग, रसायनं, काय असेल ते. रेयॉनच्या धंद्यात कार्बन डायसल्फाइडसारखे धोके निराळेच असतात, तेही लिहा. जुनी ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या, पीएफचे कागद सोबत जोडा. घरच्या बाईचाही वेगळा कागद करा.

दुसरं काम. दवाखान्यात जाताना हा कागद न्यायचा आणि डॉक्टर विचारोत न विचारोत, पुढे ठेवायचा. छातीत पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, टीबीच्या औषधाने उतार पडत नसेल, तर नम्रपणे पण ठामपणे विचारायचं: डॉक्टर, हा माणूस एस्बेस्टॉसजवळ काम करत होता, बायोप्सी करायची का?

तिसरं काम. मरणाची नोंद करताना व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ एवढंच लिहू द्यायचं नाही. ‘निवृत्त फिटर, रेयॉन कारखाना’ असं लिहायला लावायचं. निदान झालेलं असेल, तर दाखल्यावर मूळ कारण म्हणून ते यावं, यासाठी घरातल्या शिकलेल्या मुलाने डॉक्टरशी बोलावं. मी इथल्या डॉक्टर मंडळींनाही हात जोडून विनंती करतो. तुमची आणखी एक ओळ एखाद्या घराला आयुष्यभर पुरते.

चौथं काम संघटनांचं आणि मंडळांचं. गावाने एक वही ठेवावी. नाव, खातं, वर्षं, आजार, मृत्यूची तारीख. घरच्यांच्या संमतीने, जबाबदारीने. दरवर्षी तिचा गोषवारा महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी द्यावा, पोच घ्यावी. गावाची वही म्हणजे शास्त्रीय संशोधन नव्हे, हे मला मान्य आहे. पण किंबर्लीतही सुरुवात एका डॉक्टरच्या शंकेने झाली होती. संशोधकाला पहिला धागा कुणीतरी द्यावा लागतो.

आणि सरकारकडे आपली मागणी एकच, पण ती सोडायची नाही. मेसोथेलिओमाच्या प्रत्येक निदानाची आणि मृत्यूची सक्तीने नोंद व्हावी, त्या नोंदीत आयुष्यभराच्या कामाचा इतिहास असावा, आणि आकडा दरवर्षी जाहीर व्हावा.

मंडळी, आपण कामगारांची स्मृती म्हणतो तेव्हा हार घालतो, भाषणं करतो, दोन मिनिटं उभे राहतो. ते करूच. पण ज्याचं मरणाचं कारण चुकीचं लिहिलं गेलं, त्याची आठवणही चुकीचीच राहते. आपल्या माणसाने धूळ खाऊन हा देश उभा केला, आणि ती धूळ त्याला घेऊन गेली, हे सत्य त्याच्या नावापुढे लिहिलं जाईपर्यंत त्याचं श्रद्धांजलीचं देणं फिटलेलं नाही. ते लिहून घेण्याचा हक्क तुमचा आहे. तो मागायला उद्यापासून लागा. वही कोण आणतो आणि पहिलं नाव कोण लिहितो, एवढं ठरवूनच आज या सभागृहातून बाहेर पडूया.